चूक नसताना धडक कशी खावी : पाथर्डीकर नवशिक्यांसाठी

लागणारं साहित्य : सव्वाशे सीसीची एक मोटारसायकल, तिची आरसी, चालू लायसन, चालू ‘फुल्ल इन्शुरन्स’, पाच वर्षं क्लेम न घेता राखलेला पन्नास टक्के नो क्लेम बोनस आणि स्वच्छ मन. शेवटची वस्तू घरी राहिली तरी चालेल. क्लेम फॉर्मवर तिच्यासाठी रकाना नाही.

ज्यांना आजवर अपघात झालेला नाही, किंवा झाला तो स्वतःच्याच चुकीने, अशांसाठी हा अभ्यासक्रम आहे. चुकून धडकणं कुणालाही जमतं. पण काडीची चूक नसताना धडक खायची, रीतसर भरपाई मागायची आणि पुढच्या वर्षी हप्ता वाढून आलेला शांतपणे पाहायचा, याला तालीम लागते.

जागा निवडणे

आपला तालुका या बाबतीत भाग्यवान. कल्याण–विशाखापट्टणम महामार्ग, आताचा राष्ट्रीय महामार्ग 61, नगरकडून निघून करंजीचा घाट ओलांडतो आणि तिसगाव, पाथर्डी करत खरवंडीकडून बीड जिल्ह्यात शिरतो. एवढ्या पट्ट्यात नवशिक्याला हवं ते सगळं मिळतं. दिवाळी सरली की उसाच्या डबल ट्रॉल्या रस्त्याला लागतात. ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर असेल अशी अपेक्षा ठेवू नये, त्याऐवजी गाणं असतं. नवरात्रात मोहटादेवीच्या वाटेवर गर्दीतला सराव होतो. होळीपासून पाडव्यापर्यंत मढी आहेच, तिच्याकडे पुढे वळू.

पहिल्याच दिवशी घाटाच्या नादी लागू नये. घाटात धडक खाणं हे वरच्या वर्गाचं काम. तिथे चूक कुणाची हे ठरवायला निदान एकजण शुद्धीवर असावा लागतो. शिवाय चालत्या गाडीला धडक बसली की ‘तू पण जोरात होतास’ हे वाक्य येतंच, आणि निर्दोषपणाला पहिला ओरखडा तिथेच पडतो. अस्सल, बावनकशी निर्दोषपणा हवा असेल तर एकच आसन उत्तम : गाडी उभी करून शेजारी चहा पिणे.

धडक

तिसगावात रस्त्याकडेच्या हॉटेलसमोर गाडी साईड स्टँडवर लावावी. चावी खिशात, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. चहा अर्ध्यावर येतो न येतो तोच कांद्याच्या रिकाम्या गोण्या भरलेली पिकअप रिव्हर्स येऊ लागते. मागे उभा राहिलेला पोरगा फळीवर हाताने थापा मारत ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत असतो, आणि त्याच सुरात, आवाज जराही न वाढवता, ‘बास’ म्हणतो. तोवर गाडी आडवी झालेली असते. हेडलाइट डोमसकट गेलेला. पुढचं मडगार्ड मधोमध चिरलेलं. दोन्ही इंडिकेटर वायरला लोंबतायत. हँडल एका अंगाला वळलेलं आणि फूटरेस्ट आत घुसलेला. पेट्रोलच्या टाकीवर मात्र एक चरा नाही, त्यामुळे गर्दीतला पहिला माणूस टाकीकडे बोट दाखवून म्हणतो, “काय झालं नाय गाडीला.”

आता स्वतःची चूक शोधून पाहावी. सापडणार नाही. पिकअपवाल्याला सापडेल.

“भाऊ, इथं लावायची का गाडी?”

“लाल गाडी आहे मामा, बंद होती. मी चहा पीत होतो.”

“तेच म्हणतोय मी. चहा प्यायचा तर गाडी तिकडं लावायची.”

मिटवामिटवी

यानंतर पंच जमतात. पंचांना कुणी बोलावत नाही. त्यांतला एक दोघांचाही दूरचा पाहुणा निघतो, एकाला घाई असते पण तो जात नाही, आणि एकजण नुसताच चाक फिरवून बघतो. निकाल ठरलेला : पिकअपवाल्याने पाचशे द्यावेत, गाडीवाल्याने घ्यावेत, “आपल्याच भागातला माणूस ए, जाऊ द्या.” एरवी पोलीस ठाणं, पंचनामा, जबाब, शिवाय गाडी तिथेच अडकून पडायची भीती. त्यापुढे पाचशेची नोट फार देखणी दिसते.

अशा वेळी डिक्कीतली पॉलिसी काढून मागची बारीक अक्षरं वाचावीत. कुणी वाचत नाही, म्हणूनच ती इतकी बारीक असतात. मोटार पॉलिसीच्या ठरावीक अटींत एक अट अशी की, कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने चुकीची कबुली, भरपाईचं वचन किंवा रक्कम द्यायची नाही. म्हणजे काटेकोर बोलायचं तर पिकअपवाल्याने ती पाचशेची नोट काढण्याआधी आपल्या विमा कंपनीकडून लेखी होकार मागवायला हवा. आणि पंचांच्या आग्रहावरून ‘आमची तडजोड झाली, माझी काही तक्रार नाही’ असं तुम्ही चिठ्ठीवर लिहून दिलंत, तर पिकअपवाल्याकडून वसुली करायचा आमचा हक्क तुम्ही परस्पर सोडून दिलात, असं तुमची कंपनी म्हणू शकते. म्हणून पैसे घ्या अगर नका घेऊ, चिठ्ठी लिहू नये. नंबर प्लेटचा, पिकअपच्या मागच्या बाजूचा आणि आडव्या गाडीचा फोटो मात्र काढावा, तोही गाडी उभी करायच्या आधी. पंच गाडी आधी उभी करतात. ती त्यांची सवय आहे.

कुणाचा विमा, कुणाच्या माथी

नवशिक्याला वाटतं, चूक पिकअपची, तर पैसे पिकअपची कंपनी देईल. तत्त्व बरोबर आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केलाय तो यासाठीच, आणि अशा मालवाहू गाडीच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसानही धरलेलं असतं, रूढ मर्यादा साडेसात लाखांची. फक्त तो पैसा मिळवायचा तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा लावायचा. म्हणजे पाथर्डीहून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर नगर, वकील, वकालतनामा, पोलिसांचे कागद, तारीख, पुढची तारीख. मडगार्ड आणि दोन इंडिकेटरसाठी न्यायाधिकरणात उभा राहिलेला माणूस कुणी पाहिला असेल तर त्याचा सत्कार करावा.

हे कंपन्यांनाही ठाऊक असतं. म्हणून त्यांच्यात ‘नॉक फॉर नॉक’ नावाची एक जुनी समजूत आहे : चूक कुणाचीही असो, ज्याने त्याने आपापल्या ग्राहकाची गाडी दुरुस्त करून द्यायची, एकमेकींच्या दारात जायचं नाही. कंपन्यांच्या दृष्टीने शहाणपणाचा सौदा. वर्षाकाठी इकडचं तिकडे फिटून जातं. गाडीवाल्याचं मात्र असं फिटत नाही, कारण त्याची गाडी एकच असते. थोडक्यात, पिकअपने पाडलेल्या गाडीचा क्लेम तुम्ही स्वतःच्याच पॉलिसीवर टाकायचा, ‘ओन डॅमेज’ या सदराखाली. पॉलिसी नुसती थर्ड पार्टी असेल तर तोही मार्ग बंद. मग चहाचे पैसे देऊन घरी जावं.

आणि पिकअपचा विमाच संपलेला असेल तर? असू शकतो. देशातल्या निम्म्याहून अधिक वाहनांना विमा नाही, असं 2024 मध्ये संसदेच्या वित्तविषयक स्थायी समितीने नोंदवलं आहे. विनाविमा गाडी पकडली गेली तर पहिल्यांदा दंड दोन हजार. त्यातला एक रुपयाही तुमच्या हेडलाइटला लागत नाही.

फॉर्म भरणे

क्लेम घेतलात, गाडी सरळ झाली. वर्ष संपलं, रिन्यूअलचा दिवस आला. एजंट विचारतो, “मागच्या वर्षी क्लेम घेतला होता का? हो की नाही?” इथे नवशिक्या गोष्ट सांगायला लागतो : मी चहा पीत होतो, पिकअप रिव्हर्स आली. एजंट कीबोर्डवर बोट तसंच धरून ऐकून घेतो आणि ‘हो’ दाबतो.

नो क्लेम बोनसची पायरी अशी : क्लेमविना एक वर्ष गेलं की ओन डॅमेजच्या हप्त्यात 20 टक्के सूट, मग 25, 35, 45 आणि पाच वर्षांनी 50. पन्नासच्या पुढे पायरी नाही. एक क्लेम घेतला की थेट शून्यावर, पुन्हा पहिल्या पायरीवर उभं राहायचं. चूक तुमची होती की पिकअपची, हे या पायऱ्यांना कळत नाही. बोनस निर्दोष राहण्याचा नाही, गप्प राहण्याचा आहे.

इथे पिकअपवाल्याकडे एकवार पाहून घ्यावं. त्याचं मागचं बंपर लोखंडी, त्याला काही झालं नाही, त्याने क्लेम घेतला नाही. त्याचा बोनस पुढच्या पायरीवर गेला. उद्या कुणी त्याच्यावर थर्ड पार्टी दावा लावून जिंकला तरी तो बोनस जागचा हलत नाही, कारण बोनस फक्त ओन डॅमेजशी बांधलेला. राहता राहिला थर्ड पार्टीचा हप्ता. तो केंद्र सरकार ठरवतं : साडेसात टनांच्या आतल्या मालवाहू गाडीला 1 जून 2022 पासून 16,049 रुपये, मग ती वर्षभरात कुणालाही न धडको की रोज एकाला धडको. तुमच्या सव्वाशे सीसीला 714 रुपये, तेही असेच सगळ्यांना सारखे. म्हणजे या सगळ्या व्यवहारात ज्याच्या हप्त्याला धक्का लागला असा एकच माणूस निघाला. तो चहा पीत होता.

सगळीकडे असंच असतं असं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात चूक नसलेल्या अपघातासाठी हप्ता वाढवायला कायद्यानेच मनाई आहे. ब्रिटनमध्ये मात्र आपल्यासारखंच, तिथेही सवलत क्लेम न घेण्याची. इंग्रजांनी आपल्याला रेल्वे दिली, पोस्ट दिलं. ही खोडही बहुधा त्यांच्याच सामानातून उतरली असावी.

हिशेब

या पाठाला कागद-पेन्सिल घ्यावी. आकडे सोपे जावेत म्हणून धरा, ओन डॅमेजचा मूळ हप्ता 1,000 रुपये. पन्नास टक्के बोनस असल्याने तुम्ही 500 भरत होतात. क्लेम घेतल्यावर पहिल्या वर्षी पूर्ण हजार, म्हणजे 500 जादा. दुसऱ्या वर्षी 20 टक्के सूट मिळेल, पण पन्नासच्या मानाने 300 जादा. तिसऱ्या वर्षी 250, चौथ्या वर्षी 150, पाचव्या वर्षी 50. सहाव्या वर्षी तुम्ही पुन्हा जिथल्या तिथे. बेरीज 1,250. त्यावर 18 टक्के जीएसटी, 225. एकूण 1,475 रुपये. ही निर्दोषपणाची किंमत, पाच हप्त्यांत.

आता दुसऱ्या बाजूला गॅरेजचं बिल मांडा. हेडलाइटचा डोम, मडगार्ड, इंडिकेटर मिळून 1,800. हँडल आणि फूटरेस्ट 500. मजुरी 400. एकूण 2,700. नवशिक्याला वाटतं कंपनी 2,700 देईल. कंपनी आधी घसारा कापते. प्लास्टिक आणि रबराला सरसकट निम्मा, म्हणून 1,800 चे 900. लोखंडाचा घसारा गाडीच्या वयावर. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला 40 टक्के, म्हणून 500 चे 300. मजुरी पूर्ण. झाले 1,600. त्यातून प्रत्येक क्लेमला सक्तीने कापायचे दुचाकीचे 100. हातात 1,500.

1,500 वजा 1,475. नफा पंचवीस रुपये.

यातून शोरूमच्या दोन चकरांचं पेट्रोल, क्लेम फॉर्मची झेरॉक्स, आणि सर्व्हे होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही म्हणून उभ्या राहिलेल्या दिवसांचं एसटीचं तिकीट वजा करावं. उरलेल्या रकमेत काय करायचं ते घरच्यांशी बोलून ठरवावं. आणि पंचांनी ठरवून दिलेली ती पाचशेची नोट आठवली तर लाज वाटून घेऊ नये. त्या तिघांनी ही गुणाकार-भागाकाराची भानगड न करता तुमच्यापेक्षा बरा निकाल दिला होता.

गाडीचा चुराडा झाला असेल, बिल वीस हजारांच्या घरात असेल, तर मात्र बोनसचं तोंड न बघता क्लेम टाकावा. पाच वर्षांत 1,475 वाचवायला वीस हजार सोडणारे लोक आहेत, आणि ते बोनसबद्दल अभिमानाने बोलतात. घसारा न कापणारी ‘झिरो डेप’ आणि बोनस शाबूत ठेवणारी ‘एनसीबी प्रोटेक्ट’ अशी जादा कलमंही विकत मिळतात, काही कंपन्यांत दुचाकीलाही. त्यांचे पैसे वेगळे. म्हणजे आपली चूक नसताना दंड होऊ नये यासाठी आधीच थोडा दंड भरून ठेवायचा.

हाड मोडल्यास

इथे थट्टा थोडी बाजूला. गाडीऐवजी माणूस मोडला तर वाट वेगळी आणि जास्त रुंद आहे. जखमीचा दावा समोरच्याच्या थर्ड पार्टी पॉलिसीवर, त्याच न्यायाधिकरणात लागतो. तुमच्या पॉलिसीला त्यात कुणी शिवत नाही, सबब बोनसही जात नाही. दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी, कायमचं अपंगत्व, सगळं त्यात मागता येतं. कायद्यात आता दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे, म्हणून प्लास्टर निघायची वाट पाहत बसू नये. पोलिसांत नोंद मात्र त्याच दिवशी करावी. रस्त्यावर मिटवलेल्या अपघाताचा कागद नसतो, आणि कागद नसलेल्या मोडक्या पायाला कोर्टात ‘पायरीवरून घसरला’ म्हणतात.

धडक देणारा पळून गेला आणि सापडलाच नाही, तर 1 एप्रिल 2022 पासूनच्या योजनेत मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात. ही माहिती गावात कुणाला नसते. आपल्या पॉलिसीतलं मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघात संरक्षणही असंच विसरलेलं. ते मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी असतं आणि तिथे चूक कुणाची हे विचारत नाहीत. हप्ता भरताना लोक तेच आधी काढायला सांगतात, कारण ते काढलं की पॉलिसी स्वस्त दिसते.

गाढव

समोरचा गाढव असेल तर काय, हा प्रश्न इतर तालुक्यांत अलंकारिक असतो. आपल्याकडे मढीला कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो, त्यामुळे तो कायद्याचा प्रश्न आहे. व्यापारी कळप हाकत येतात, आणि एखादं गाढव नेमकं वळणावर विचार करायला थांबतं.

गाढवाला थर्ड पार्टी विमा सक्तीचा नाही. मालकाने हयगय केली असं म्हणून त्याच्यावर दिवाणी दावा करता येतो, मात्र आधी मालक कोण ते ठरवावं लागतं. धडकेनंतर पाच मिनिटं त्या गाढवाला मालक नसतो. सहाव्या मिनिटाला तो हजर होतो आणि भरपाई मागतो. किंमत त्याच सकाळच्या बाजारभावाने. अशा वेळी क्लेम ओन डॅमेजमध्येच, बोनस शून्यावर, आणि फॉर्मवर ‘अपघाताचं कारण’ या रकान्यात ‘जनावर आडवं आलं’ एवढंच लिहावं. बारकावे सांगू नयेत. तिकडे वाचणारा हसला की फाइल खाली जाते.

धडकेविना

बोनस घालवायला अपघातच लागतो असंही नाही, हा पाथर्डीकरांसाठी शेवटचा आणि सर्वांत उपयोगी पाठ. पॉलिसी संपल्यापासून 90 दिवसांत रिन्यू केली नाही तर साठलेला सगळा बोनस गळून पडतो. दिवाळीच्या आसपास टोळ्या ऊसतोडीला निघतात, गाडी ताडपत्री टाकून घरासमोर किंवा भावाच्या गोठ्यात राहते, आणि माणसं उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. ज्याची पॉलिसी डिसेंबरात संपते त्याचे 90 दिवस फडावरच संपतात. गाडी जागची हलली नाही, कुणी धडकलं नाही, पाच वर्षांचा बोनस गेला. आल्यावर वर गाडी तपासून घ्यायची, मगच नवी पॉलिसी.

उलट एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. जुनी गाडी विकली तर कंपनीकडून बोनसचं पत्र घेऊन ठेवावं. तीन वर्षांच्या आत नवी गाडी घेतली तर तिच्या ओन डॅमेजच्या हप्त्यात ते चालतं, आणि नव्या गाडीचा हप्ता मोठा असल्याने तिथेच त्याची खरी किंमत वसूल होते. शोरूमवाला हे आपणहून सांगेल म्हणून वाट पाहू नये.

आणि रिन्यूअल मोबाईलवरून होतं, उसाच्या फडातूनही होतं. आठवणीचा मेसेज कंपनी पाठवते. फक्त निघण्याआधी पॉलिसीवर छापलेला मोबाईल नंबर एकदा तपासून घ्यावा. बऱ्याचदा तो एजंटाचाच असतो.